आधी तारीख, मग रेघ

आमच्या नव्या गाडीच्या सीटवरचं प्लास्टिक कुमुदआत्यांनी फाडलं, तेव्हा माझ्या नवऱ्याने पंधरा दिवस त्यांच्याशी अबोला धरला होता. भोपाळात गाडी घेतली की ते प्लास्टिक निदान दोन उन्हाळे काढायचं नसतं. ते तापतं, पाठीला चिकटतं, उठताना फर्रकन आवाज होतो. पण गाडी नवी आहे हे चार लोकांना कळायला नको? आत्यांना पेढे दिले आणि एक चक्कर मारून आणू म्हणून मागे बसवलं. चौकापर्यंत पोचतो न पोचतो तोच मागून चर्रर्र आवाज आला.

"अहो आत्या, काय करून राहिल्या तुम्ही?" प्रकाश ओरडला.

"सील तोडून राहिले," आत्या शांतपणे म्हणाल्या. "गाडी बसायला घेतली ना? मग सीटवर बसू दे. नवी नवी म्हणून झाकून ठेवता आणि तेवढ्यात आपणच जुने होऊन जातो रे, प्रकाश."

त्यांनी प्लास्टिकची व्यवस्थित घडी केली आणि आपल्या पिशवीत टाकली. कागद भिजू नयेत म्हणून झाकायला ते त्यांना हवंच होतं, हे मला नंतर कळलं.

कुमुद दाणी आमच्या शेजारच्या, अयोध्या नगरातल्या. भाचरं आत्या म्हणत म्हणून सगळी गल्लीच आत्या म्हणे. मूळच्या ग्वाल्हेरच्या. कारखान्याच्या टाउनशिपमध्ये नकाशे काढायच्या ऑफिसात त्यांची सगळी नोकरी गेली. क्वार्टर, नाल्या, पाण्याच्या टाक्या, शाळेच्या भिंती असं काय काय त्यांनी कागदावर उतरवलं होतं. लग्न केलं नाही. कोणी विचारलंच, तर "तेही 'बघू'मध्ये गेलं" एवढंच म्हणायच्या, आणि ते हसत म्हणत असल्या तरी तो विषय पुढे न्यायची माझी कधी हिंमत झाली नाही.

उंचीने जेमतेम पाच फूट. कुर्त्याला शिंप्याकडून मुद्दाम मोठा खिसा लावून घेतलेला आणि त्यात लोखंडी टेप, त्यामुळे कुर्ता कायम एका बाजूला झुकलेला. अंबाड्यात पेन्सिल. चहा उभ्याने. अक्षर असं, की त्यांनी दारावर लावलेली 'दूधवाला, आज एक लीटर' ही चिठ्ठीसुद्धा छापून आणल्यासारखी दिसे. आणि 'बघू' या शब्दाचा त्यांना भयंकर राग. मी एकदा म्हटलं, "आत्या, लिहायचं माझ्या खूप मनात आहे. बघू, शाळेतून जरा सवड मिळाली की..." तर त्यांनी मला हाताला धरून घरात नेलं आणि ड्रॉइंग बोर्डाच्या वर भिंतीला टाचलेला एक पारदर्शक कागदाचा चुरगळलेला तुकडा दाखवला.

"हे वाच," म्हणाल्या.

त्यावर वाचण्यासारखं काहीच नव्हतं. तो रंगाच्या पेटीवरचा, सीलचा कागद होता.

आत्यांचे हेड होते श्रीवास्तवजी. हाताखालच्या पोरापोरींना रेघ शिकवणारा माणूस. जेवायच्या सुट्टीत वापरलेल्या कागदांच्या पाठीवर पेन्सिलीने झाडं काढायचे, पण रंगाला कधी हात लावला नाही. "रिटायरमेंट के बाद इत्मीनान से करेंगे, कुमुद," हे त्यांचं वाक्य आत्यांनी वीस वर्षं ऐकलं. निरोपाच्या दिवशी ऑफिसने वर्गणी काढून त्यांना उत्तम प्रतीच्या रंगांची पेटी दिली. श्रीवास्तवजींनी ती छातीशी धरून फोटो काढला. तीन आठवड्यांच्या आत ते गेले. आत्या भेटायला गेल्या तेव्हा त्यांच्या बायकोने पेटी आणून यांच्या हातात ठेवली. म्हणाल्या, "आप ही ले जाइए. इन्होंने तो खोली भी नहीं."

"वसू, त्यांनी सील पण तोडलं नव्हतं गं," आत्या मला म्हणाल्या. हे सांगताना त्यांचे डोळे भरले नव्हते. त्यांना राग आला होता, आणि तो राग श्रीवास्तवजींवर जितका होता तितकाच स्वतःवर होता. कारण तोवर त्याही तेच म्हणत होत्या, रिटायरमेंटनंतर बघू. त्या दिवशी रिक्षात बसल्याबसल्या त्यांनी पेटीवरचा कागद फाडला. मात्र पुढे काय, हे त्यांना ठाऊक नव्हतं. सगळा जन्म दुसऱ्यांनी सांगितलेलं काढलं होतं. आपल्याला स्वतःला काय काढायचंय, हे कळेना. रिटायर होऊन, क्वार्टर सोडून या घरात आल्यावरही पेटी सात वर्षं उघडीच पडून होती. "सील तोडून काय उपयोग, मी आपली बघत बसले होते," असं त्या स्वतःलाच टोमणा मारायच्या.

मग गेल्या वर्षी संक्रांतीच्या सुमाराला कळलं, की टाउनशिपमधला त्यांचा जुना ब्लॉक पाडणार. तीन मजली, बारा क्वार्टर्स. निम्मी रिकामीच होती, बाकीच्यांना दिवाळीपर्यंत जागा सोडायची नोटीस आली होती. त्याच आठवड्यात आत्यांच्या उजव्या हाताला कंप सुटतोय हेही डॉक्टरांनी सांगितलं. तो वाढत जाणार, किती आणि कधी हे सांगता येत नाही. या दोन बातम्यांमध्ये दोन दिवसांचं अंतर असेल. तिसऱ्या दिवशी सकाळी त्या आमच्या फाटकाशी उभ्या होत्या.

"वसू, रविवारी काय करून राहिलीस?"

"काही नाही. का?"

"मला शून्य धरायला कोणीतरी पाहिजे."

टेपचं टोक भिंतीला दाबून धरायचं, त्याला त्या शून्य धरणं म्हणत. दुसऱ्या टोकाला आकडा वाचणार त्या आणि लिहिणारही त्याच. माझं काम फक्त हलायचं नाही. पुढचे दहा महिने मी जवळजवळ प्रत्येक रविवारी लोकांच्या घरात, पलंगाखाली, मोरीत, माळ्यावर शून्य धरून बसले. शाळेत चाळीस पोरींना भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या बाईची ही बढती होती.

बारा क्वार्टरांचे बारा नकाशे काढायचे, हे त्यांनी ठरवलं होतं. ऑफिसातला नकाशा नाही, लोकांनी राहून जे घर केलं त्याचा. बांधकाम खात्यात त्याला 'अॅज-बिल्ट' म्हणतात, म्हणजे कागदावर काय ठरलं होतं ते सोडा, जागेवर काय आहे ते दाखवा. परवानगीसाठी आम्ही टाउनशिपच्या ऑफिसात गेलो. तिथला तरुण साहेब चांगला माणूस होता, त्याने खुर्ची दिली, चहा मागवला. पण त्याला कळेचना.

"मैडम, ये टाइप का ड्रॉइंग तो हमारे पास है. एक ही है, बारहों एक जैसे हैं."

"वही तो," आत्या म्हणाल्या. "काग़ज़ पर एक घर है, साहब. वहाँ बारह हैं."

"ड्रोन से फोटो निकलवा देंगे?"

"ड्रोन को अंदर चाय पिलाएगा कौन?"

साहेब हसला. मग म्हणाला, "ठीक है, पर इनको अप्रूव कौन करेगा?" नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात एक चौकट असते. काढणार, तपासणार, मंजूर करणार आणि तारीख, असे चार रकाने. आत्यांची सही कायम पहिल्यात. तिसऱ्यात साहेबाची. परवानगी मिळाली, किल्ल्यांचा जुडगा मिळाला, पण रिक्षातून येताना त्या सारख्या खिशातल्या टेपशी चाळा करत होत्या. मंजूर कोण करणार, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

पहिलं शीट काढलं ते स्वतःच्या क्वार्टरचं, आणि तिथेच आपटल्या. तीस वर्षं राहिलेलं घर, शिवाय त्या टाइपचा जुना नकाशा फाटला तेव्हा नवा यांनीच गिरवलेला. मोजायची काय गरज? घरी बसून आठवणीने काढलं आणि दाखवायला घेऊन गेल्या. तिथे आता रीना नावाची मुलगी राहत होती, नवरा कारखान्यात टेक्निशियन. रीनाने नकाशा निरखून बघितला. नकाशा वाचायला ती कुठे शिकलेली नव्हती.

"दीदी," ती म्हणाली, "इसमें तो हमारा फ्रिज आराम से आ रहा है. असल में तो कभी आया ही नहीं. बरामदे में रखा है."

आत्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग खिशातून टेप काढला. मी शून्य धरलं. स्वयंपाकघर पाच इंचांनी अरुंद निघालं. पुन्हा मोजलं, तरी पाच इंच. आत्या खिडकीपाशी गेल्या, तिच्या कट्ट्यावरून हात फिरवला आणि मटकन पाटावर बसल्या. कट्टा असायला हवा त्याहून पाच इंच जास्त खोल होता. त्यांच्याही आधी तिथे राहणाऱ्या कोणीतरी ओल थांबवायला आतून विटांची एकेरी भिंत चढवली होती. वर गिलावा, चुना, कोणाला कळणार?

"तीस वर्षं," आत्या म्हणाल्या, "तीस वर्षं माझं कोपर या भिंतीला लागून राहिलं. आई म्हणायची, कुमुद धांदरट आहे. मीही म्हणायची, मी धांदरट आहे. अगं, घर अरुंद होतं!"

आणि त्या हसायला लागल्या. रीना हसली, मी हसले. पण रिक्षात बसल्यावर त्या म्हणाल्या, "वसू, मी नकाशात राहत होते. घरात राहिलेच नाही." घरी येऊन त्यांनी ते शीट फाडलं. आपलं घर सगळ्यात शेवटी करायचं ठरवलं. आणि त्या दिवसापासून नियम झाला, की नकाशावरून नकाशा काढायचा नाही, जागेवर जायचं, हात लावायचा, विचारायचं.

दुसरा नियम तारखेचा. ऑफिसात सगळे जण काम संपल्यावर तारीख घालत. आत्या कोरं शीट बोर्डावर चिकटवलं की पहिल्यांदा कोपऱ्यातली चौकट आखत आणि तारीख लिहून टाकत, शीट पूर्ण व्हायची तारीख, तीही शाईने. मी म्हटलं, चुकली तर? "चुकली तर चुकली. पण कोऱ्या कागदाला वाटतं आपल्याकडे पुष्कळ वेळ आहे. त्याला आधीच सांगून ठेवलेलं बरं." आधी तारीख, मग रेघ. बारांपैकी नऊ तारखा त्यांनी पाळल्या.

सरकारी नकाशात होतं ते सगळं काळ्या शाईत, आणि लोकांनी केलेलं ते श्रीवास्तवजींच्या पेटीतल्या लाल रंगात. लाल बाकी रंगांहून खूप जास्त लागला. कोणी गच्चीच्या पायरीखाली कोंबड्यांसाठी कोनाडा केला होता. कोणी देवघरासाठी कपाटाचं एक दार कायमचं खिळ्यांनी बंद केलं होतं. एका घरात झोपाळ्याचे हूक होते, झोपाळा नव्हता. आत्यांनी हुकांपासून झोपाळा कुठपर्यंत जात असेल तो वर्तुळाचा तुकडाही लाल तुटक रेषेने काढला. दुसऱ्या मजल्यावर रहीमभाईंकडे सगळ्या खिडक्यांच्या फटींत जुन्या चादरीच्या पट्ट्या ठासलेल्या होत्या. रहीमभाईंचे अब्बा शहरातून इथे राहायला आले होते. चौऱ्याऐंशीच्या त्या गॅसगळतीच्या रात्रीनंतर त्यांनी आयुष्यभर त्या पट्ट्या काढू दिल्या नाहीत, आणि ते गेल्यावर मुलाला त्या काढवल्या नाहीत. कापडाच्या पट्टीला नकाशात खूण नसते. आत्यांनी एक केली, बारीक लाल वेणीसारखी, आणि कोपऱ्यातल्या खुणांच्या यादीत लिहिलं, 'भीती थांबवण्यासाठी कापड'.

रहीमभाईंनी ते शीट वाचलं. हिंदीत समजावून सांगावं लागलं. मग म्हणाले, "लाइए, क़लम दीजिए." आणि कोणी काही सांगायच्या आत त्यांनी तिसऱ्या रकान्यात उर्दूत सही केली.

मंजूर कोण करणार, ते असं ठरलं. ज्याने त्या घरात दिवस काढले त्याने सही करायची. रिकाम्या घरांची माणसं शोधून काढायची जबाबदारी आली. एक कुटुंब मंडीदीपला राहायला गेलं होतं. प्रकाशचा कारखाना तिथेच, तर तो आपण होऊन ते शीट घेऊन गेला, आणि सही घेऊन आला तेव्हा त्याच्याजवळ डबाभर गूळपापडी होती आणि डोळे जरा लाल होते. "त्या म्हाताऱ्या बाई नकाशावर बोट ठेवून सगळ्या घरातून फिरल्या," एवढंच तो म्हणाला. गाडीच्या प्लास्टिकबद्दल त्यानंतर कधी बोलला नाही.

तपासणाऱ्याच्या रकान्यात मात्र प्रत्येक वेळी माझं नाव. मी म्हटलं, मला यातलं काय कळतं? "शून्य कोणी धरलं? शून्य हललं की पुढचं सगळं खोटं. कर सही."

पावसाळ्यानंतर हात बिघडला. रेघ पट्टीला धरून जायची ती मध्येच थरथरायची. डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या, तर हात जरा बरा झाला पण दुपारभर झापड यायला लागली. पुण्याहून भाचा आला, चांगला, हळवा मुलगा. "आत्या, माझ्याकडे चल. आता पुरे झालं. हे कोण बघणार आहे?"

"शीट नंबर नऊ झालंय," आत्या म्हणाल्या.

"अगं, पण तुझा हात..."

"हात थरथरतोय, मी जागी आहे. गोळी घेतली तर हात जागेवर राहतो, मी झोपते. मला जागं राहायचंय. बाकी तू म्हणशील ते."

भाचा दोन दिवस राहून गेला. आत्यांनी दिवसाच्या गोळ्या बंद केल्या. मला ते पटलं नव्हतं, मी भांडलेसुद्धा. त्यांनी ऐकून घेतलं आणि दहाव्या शीटची तारीख घातली. त्या शीटपासून रेघा वेगळ्या दिसतात. भिंती किंचित कापऱ्या, जिन्याच्या पायऱ्या थरथरत्या. मला वाटलं, त्यांना याचं फार दुःख होईल, कारण चौतीस वर्षं त्या रेघेवरच त्यांची अब्रू होती. एक दिवस मी काही बोलणार तोच म्हणाल्या, "अॅज-बिल्ट आहे, वसू. घर जसं आहे तसं, हात जसा आहे तसा. आता सरळ रेघ काढली तर ते खोटं होईल."

बारा शीटं पूर्ण झाली. शेवटची, त्यांच्या स्वतःच्या क्वार्टरची सही राहिली होती. रीना उरलेलं सामान बांधत होती. तिने पेन घेतलं, थोडी थांबली आणि पेन आत्यांकडे सरकवलं. "दीदी, तीस साल आपके, आठ हमारे. आप कीजिए." आत्यांनी चष्मा पुसला. सगळ्या नोकरीत ज्या रकान्याला त्यांनी कधी हात लावला नव्हता, त्यात त्यांनी दोन्ही हातांनी पेन धरून सही केली. खूप वेळ लागला.

माघात एका सकाळी आत्या गेल्या. पेटीतली लाल नळी शेवटच्या टोकापर्यंत गुंडाळलेली होती. बारा शीटं ज्यांची त्यांना दिली आहेत, एकेक प्रत माझ्याकडे आहे.

आणि माझ्याकडे तेरावं शीटही आहे. दिवाळीच्या फराळाचं ताट परत करताना त्यांनी त्यावर गुंडाळून ठेवलेलं. कोरं. कोपऱ्यात कापऱ्या रेघांची चौकट, पहिल्या रकान्यात माझं नाव, आणि शाईने तारीख. "शाळेला सुट्टी असेल तेव्हाची घातली आहे. पेपर तपासायचेत म्हणशील, म्हणून," त्या म्हणाल्या होत्या. "काय लिहायचं ते तुझं तू बघ. बघू नको, लिही."

ती तारीख आजची आहे. कूलर चालू आहे, खिडकीतून लूच्या गरम झळा येताहेत आणि मी सकाळपासून टेबलाशी बसले आहे. वर्षानुवर्षं मनात घोळवलेलं काहीच कागदावर उतरलं नाही. आत्याच उतरल्या, ते बरंच झालं.

शेवटच्या मला त्या दिसतात त्या रीनाच्या, म्हणजे त्यांच्याच स्वयंपाकघरात. बारावं शीट आखण्याआधीची ती शेवटची मोजणी. खोली रिकामी, भांडी-डबे आधीच बांधून झालेले, खाली दुसऱ्या ब्लॉकपाशी पाडायचं यंत्र येऊन उभं राहिलेलं. सवयीने मी टेपचं टोक घ्यायला हात पुढे केला. आत्यांनी ते दिलं नाही. टेपची डबीच माझ्या हातात ठेवली आणि टोक घेऊन त्या त्यांचं कोपर तीस वर्षं लागलेल्या त्या भिंतीपाशी गेल्या. हात थरथरत होता. मग त्यांनी टेपचं टोक भिंतीला लावलं, त्यावर उजवा तळवा दाबला, त्यावर डावा, आणि वर सगळ्या अंगाचा भार टाकून उभ्या राहिल्या. पट्टी ताठ झाली. हलेना.

"आज शून्य मी धरलंय," मान वळवून त्या म्हणाल्या. "बघत काय उभी राहिलीस? आकडा वाच. मोठ्याने वाच."